गावात राहून लिहिताना: नोंद कशी धरावी आणि तिची कथा कशी वाढवावी

विदर्भातल्या गावांत राहून लिहू पाहणाऱ्या मुलामुलींचं लेखन माझ्याकडे वाचायला येतं. त्यात दोन प्रकार फार दिसतात. एकात 'बळीराजा', 'दुष्काळ', 'माय', 'बेरोजगारी' अशा नावांच्या कविता असतात, आणि त्यांतला शेतकरी कोणत्याही जिल्ह्यातला असू शकतो. दुसऱ्यात पुण्याच्या फ्लॅटमध्ये घडणारी प्रेमकथा असते, जिथं लिहिणारा एक रात्रही राहिलेला नसतो. भाषा बरी असते, तळमळ तर खरीच असते. पण लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं, हाताळलेलं असं काही त्यात सापडत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तीच मुलं गप्पा मारायला बसली की अशा गोष्टी सांगतात की ऐकत राहावं.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: 'विषय' घेऊन लिहायला बसू नका. शेतकरी आत्महत्या हा विषय आहे. तो घेतला की वर्तमानपत्रांत आणि भाषणांत ऐकलेले शब्दच आधी हाताशी येतात. त्याऐवजी एक वस्तू घ्या, एक माणूस घ्या, एखादं कानावर पडलेलं वाक्य घ्या, आणि त्याला प्रश्न विचारत राहा. कल्पना त्या प्रश्नांतून वाढते. हे कसं करायचं ते आता टप्प्याटप्प्यानं सांगतो.

आधी वही

खिशात किंवा पदराच्या गाठीशी मावेल अशी छोटी वही घ्या. वेचणीच्या किंवा रोवणीच्या कामात हात मोकळे नसतील तर मोबाईलवर आवाज नोंदवा आणि रात्री दोन ओळींत उतरवून काढा. वही सुंदर नको. सुंदर वहीत माणूस सुंदरच लिहायला बघतो.

नोंदीत चार गोष्टी असाव्यात: तारीख, जागा, काय दिसलं, आणि कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत. तुमचं मत लिहू नका. 'आज बाजारात गरिबी पाहून मन सुन्न झालं' ही नोंद सहा महिन्यांनी वाचली तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही. त्याच संध्याकाळची ही दुसरी नोंद पाहा:

'आठवडी बाजार, दिवेलागण. टमाटेवाली बाई. उरलेला माल परत न्यायला ऑटोवाला भाडं मागतो, ते परवडत नाही. म्हणून फुकट वाटत होती. पण ज्या बायांनी सकाळी भाव करून माल घेतला नव्हता, त्यांनाच हाका मारून देत होती. एकीला म्हणाली, आता तं पैसे बी नाई मांगत, आता तरी घेजो.'

यात गरिबी आहे, राग आहे, मान आहे, आणि यांतला एकही शब्द वापरलेला नाही. या बाईवर कथा होऊ शकते. पहिल्या नोंदीवर फार तर निबंध होईल.

अशी नोंद धरण्याची परंपरा आपल्याच मातीतली आहे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्या माणसांकडे जाऊन ते विचारत: कुठं घडलं, कोण होतं, काय बोलणं झालं? लीळा छोट्या आहेत. गावाचं नाव येतं, देऊळ येतं, जेवण येतं, भोळाभाबडा प्रश्न येतो आणि त्यावरचं उत्तर येतं. मराठी गद्याची सुरुवात इतक्या बारीक नोंदींतून झाली आहे. त्यातल्या दोन-चार लीळा वाचून पाहा आणि मग स्वतःची वही उघडा.

दिवसाला एकच नोंद झाली तरी चालेल, पण खाडा नको. आणि एक पथ्य: नोंद गरम असताना व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकू नका. चार जणांनी 'वा' म्हटलं की मनाला लेखन पूर्ण झाल्यासारखं वाटतं आणि वाढायची होती ती गोष्ट तिथंच थांबते.

कान कुठं लावायचा

पार आणि पानठेला सगळ्यांना सुचतात, पण तिथं माणसं चारचौघांत बोलतात. तिथं बढाई मिळते, राजकारण मिळतं, विनोद मिळतो. मनातलं मिळेलच असं नाही.

मनातलं ऐकायचं तर जिथं माणसं एकमेकांकडे न पाहता बोलतात तिथं जा. कापूस वेचणाऱ्या बाया आपापल्या तासानं पुढं सरकत असतात, नजर बोंडावर आणि हात कमरेच्या फडक्यात. समोर पाहायचं नसतं म्हणून तिथं सासरचं, आजाराचं, कर्जाचं सहज बोललं जातं. एसटीत खिडकीशी बसलेला माणूस असाच बोलतो. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात, रेशनच्या रांगेत, जिनिंगसमोर रात्रभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेतही हेच होतं. कापसाची गाडी घेऊन आलेला माणूस पहाटे तीन वाजता जे सांगतो ते सकाळी दहाला सांगत नाही.

म्हाताऱ्या माणसांना 'तुमच्या काळी कसं होतं?' असं विचारू नका. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: पूर्वी सगळं चांगलं होतं. वस्तूबद्दल विचारा. गावात पहिली सायकल कोणाकडे आली? विहीर खोदताना पाणी लागलं तेव्हा कोण खाली होतं? लग्नात आंदण आलेलं भांडं आता कुठं आहे? आजोबांना बैलांची नावं विचारा. एकेका बैलापाठोपाठ एकेक वर्ष आठवत जातं. आजीला भुलाबाईची गाणी विचारा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत म्हटल्या जाणाऱ्या त्या गाण्यांत सासर-माहेराची जी तक्रार आहे, ती तिला स्वतःच्या तोंडून बोलायला कदाचित कधीच जमली नसेल. गाणं झाल्यावर थोडा वेळ काही बोलू नका. पुष्कळदा खरी गोठ तिथून सुरू होते.

प्रश्न कसा टाकावा हे शिकायचं असेल तर गाडगेबाबांची कीर्तनं ऐका किंवा त्यांच्याबद्दल वाचा. शेंडगावच्या या माणसानं उपदेशाची सुरुवात प्रश्नानं केली. साधे, रोजच्या व्यवहाराचे प्रश्न, लोकांच्याच बोलीत. उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचं आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न ठेवायचा. लेखकानं आपल्या पात्रांशीही असंच वागायला हवं.

इथं एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. आपल्या भागात घरोघरी दुःख आहे, आणि ज्या घरात कोणी जीव दिला त्या घरात वही घेऊन जाण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही. त्या घरी शेजारी म्हणून जा. पुढं कधी लिहावंसं वाटलं तर घरच्यांना विचारा, आणि नाही म्हणाले तर ते नाही पूर्ण माना. काल्पनिक लिहीत असाल तरी नाव बदलणं पुरेसं नसतं. दोन हजार वस्तीच्या गावात 'चौकातलं दुकान, दोन मुली, लंगडा बैल' एवढ्यावर माणूस ओळखू येतो. वय बदला, धंदा बदला, मुलींच्या जागी मुलगा करा, तीन घरांतलं एकत्र करा. असं केल्यानं कथाही बहुतेक वेळा सुधारते, कारण खरं जसं घडलं त्याला चिकटून राहण्याचं ओझं उतरतं.

उगवण तपासा

घरचं सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना चांगले कोंब आले तर ते बियाणं वापरायचं. वहीतल्या नोंदींचंही असंच करा. महिन्याच्या शेवटी सगळ्या नोंदी वाचा आणि प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा.

यात कोणाला काही हवं आहे का? ते मिळण्याच्या आड काय येतं आहे? आणि यातलं मला अजून न कळलेलं, कळून घ्यावंसं वाटणारं काही आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या नोंदीचा अर्थ तुम्हाला आधीच पक्का ठाऊक आहे तिच्यावर लिहिलं तर भाषण होतं. जी नोंद सारखी आठवते पण का ते सांगता येत नाही, ती बाजूला काढा. महिन्याला अशी एक निघाली तरी भरपूर झालं. बाकीच्या खोडू नका. दोन वर्षांनी त्यातलं एखादं वाक्य दुसऱ्याच कथेत बसतं.

एक नोंद शेवटपर्यंत वाढवून पाहू

कल्पना वाढवणं म्हणजे नेमकं काय, ते उदाहरणाशिवाय कळत नाही. समजा वहीत ही नोंद आहे:

'जानेवारी. आतली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. बारावीची मुलगी चुलीजवळ बसून अभ्यास करते. हातांवर पुरळ. तिची माय म्हणाली, दोन महिने झाले, घर आमचं नाई, कापसाचं हाय.'

कोणाला काय हवं, इथून सुरुवात करू. बापाला भाव हवा. हे हवंपण कुठून आलं? २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात त्याच भावाची वाट पाहत अनेकांनी माल घरात ठेवला आणि भाव उतरत गेला. म्हणजे हा बाप हट्टी किंवा लोभी नाही. त्यानं एकदा दहा हजार पाहिले आहेत, किंवा त्याहून वाईट, त्यानं त्या वर्षी आठ हजारांत विकला आणि शेजाऱ्यानं दहा हजारांत. आता पाहा, हे एक वाक्य सुचताच तो माणूस जिवंत व्हायला लागतो. मायला खोली मोकळी हवी आणि कृषी केंद्राची उधारी फेडायला पैसे हवेत. मुलीला अभ्यासाला जागा हवी.

आता 'आत्ताच का?' हे विचारा. ज्या गोष्टीला मुदत नाही ती पुढं सरकत नाही. इथं मुदत तयार आहे: बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. भावाला मुदत नाही, परीक्षेला आहे. बाप आणि मुलगी एकाच छताखाली दोन वेगळ्या घड्याळांवर जगत आहेत.

पुढचा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात फलदायी वाटतो: इतरांना ठाऊक नसलेलं यांतल्या प्रत्येकाला काय ठाऊक आहे? आपल्याकडे पोरं मूठभर कापूस दुकानात देऊन खाऊ आणतात, हे सर्वांनी पाहिलं आहे. आता ही मोठी मुलगी रोज दप्तरातून थोडा कापूस नेते. कशासाठी? खाऊसाठी नक्कीच नाही. अर्जाचे पैसे असतील, गाईड असेल, तालुक्याच्या अभ्यासिकेचं शुल्क असेल. बापाला ढीग खाली गेलेला दिसतो, पण तो म्हणतो, कापूस बसते. आणि कापूस खरंच दबून बसतो, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं नाही. मायला कळलं आहे का? समजा कळलं आहे आणि ती गप्प आहे. आता कथा तिघांच्या गप्प बसण्यात शिरली. दहा मिनिटांपूर्वी आपल्याकडे फक्त एक भरलेली खोली होती.

मग माहिती काढायला उठा. कल्पनाशक्ती माहितीवर जगते, हे कृपा करून ध्यानात घ्या. काटा कोण करतं, कटती किती धरतात, हमाली कोण देतं, चुकारा त्याच दिवशी मिळतो की आठ दिवसांनी? सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला कापूस नाकारतात. मग खोलीच्या एका कोपऱ्यात भिंतीला ओल असेल तर? तळचा कापूस पिवळा पडला असेल आणि ते फक्त मुलीलाच माहीत असेल, कारण ती खालून उपसते? हे वळण घरी डोळे मिटून बसून सुचलं नसतं. ओलाव्याची अट कळली म्हणून सुचलं.

शेवटाकडे येताना सावध राहा. पहिला सुचलेला शेवट बहुधा मालिकेतला असतो. इथं तो हमखास असेल: ठिणगी पडते आणि कापूस जळतो. दुसरा सुचेल तो बापाच्या गळफासाचा. दोन्ही लिहून काढा म्हणजे डोक्यातून जातील, आणि मग बाजूला ठेवा. या माणसांनी आतापर्यंत जे केलं त्यातूनच निघेल असं काय आहे ते पाहा. माल काट्यावर चढतो, वजन कमी भरतं, बाप हिशेब करतो आणि मुलीकडे पाहतो. तो काय म्हणेल? मला वाटतं तो व्यापाऱ्याच्या काट्यावर आळ घेईल. जाणूनबुजून घेईल की नाही, हे तुम्ही ठरवा. तिथं तुमची कथा माझ्यापासून वेगळी होईल, आणि व्हायलाच हवी.

लिहिण्याआधी एक शेवटचं काम: पहिला परिच्छेद तीन तोंडांनी लिहून पाहा. मुलगी सांगते आहे, माय सांगते आहे, आणि माल भरायला आलेला हमाल सांगतो आहे. मुलीच्या तोंडून तो असा येईल:

'बाबा म्हनत, कापूस बसते. रोज उलसाक बसते. माय काई म्हने नाई. थे फक्त माह्या दप्तराकडे पाहे.'

तिन्ही लिहिल्यावर कोणता आवाज आपोआप पुढं धावतो ते कळतं. त्याच्यामागं जा.

आपली बोली

'वऱ्हाडीत लिहिलं तर बाहेरच्यांना कळेल का?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कळतं. उद्धव शेळके यांच्या 'धग' कादंबरीतली माणसं वऱ्हाडीच बोलतात आणि ती महाराष्ट्रभर वाचली गेली आहे. अडचण वेगळी आहे: आपण बोली फक्त विनोदासाठी किंवा अडाणी पात्रासाठी वापरतो. गावातला मास्तर, सरपंचीणबाई, डॉक्टर झालेली पोरगी हेही घरी 'मले-तुले' बोलतात. त्यांना एकदम पुस्तकी मराठी बोलायला लावलं की वाचकाचा विश्वास उडतो.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही नवख्या लेखकासाठी सोयीची वाट आहे. मात्र निवेदनातही वावर, धुरा, पऱ्हाटी, बंडी, सोंगणी, ओलीत हे शब्द बिनधास्त राहू द्या आणि त्यांचा अर्थ कंसात देऊ नका. 'धुऱ्यावरच्या बाभळीखाली शिदोरी सोडली' असं लिहिलं तर धुरा म्हणजे काय ते सातारच्या वाचकालाही उमगतं.

बोलीचा लहेजा उच्चारापेक्षा वाक्यात जास्त असतो. प्रत्येक 'ण'चा 'न' केला की पान वाचवत नाही. पण 'काहून', 'जाऊन राहिलो', 'सांगजो', 'उलसक', 'बाप्पा' एवढ्यानंही आवाज उभा राहतो. आणि तुमचाच परिसर नीट ऐका. विदर्भाची बोली एक नाही. 'डोळा' वऱ्हाडात 'डोया' होतो आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत 'डोरा' ऐकू येतो. भंडारा-गोंदियाच्या बांधीतल्या माणसाच्या तोंडी अकोल्याची वऱ्हाडी घातली तर त्या गावचा वाचक पहिल्याच ओळीला पुस्तक मिटेल.

बोलीवर हात बसावा म्हणून एक सराव सुचवतो. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असताना झडत्या म्हटल्या जातात. 'एक नमन गौरा पार्वती' म्हणत यमक जुळवत गावच्या कारभारावर, भावावर, सरकारवर टोला मारायचा आणि शेवटी 'हर बोला हर हर महादेव'. या पोळ्याआधी स्वतःची झडती रचा आणि गावासमोर म्हणा. चार ओळींत तपशील, ताल आणि टोला सांभाळण्याचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. लोक हसले नाहीत तर तिथल्या तिथं कळतं.

वेळ काढायचा कसा

'रोज पहाटे उठून दोन तास लिहा' हा सल्ला शेतीकाम करणाऱ्याला देण्यात अर्थ नाही. मृग लागल्यापासून डवरणी-निंदणी आटोपेपर्यंत फक्त वही चालवा, बाकी काही मागू नका स्वतःकडून. पण आपल्या कामांतच वाट पाहण्याचा वेळ पुष्कळ असतो, तो ओळखा. हरभऱ्या-गव्हाचं रात्रीचं ओलीत असतं तेव्हा एक सरी भरेपर्यंत धुऱ्यावर बसावंच लागतं. रोही आणि रानडुकरांमुळे जागलीला जाणाऱ्यांना तर अख्खी रात्र असते. अशा वेळी लांब लिहिणं होत नाही, पण एखाद्या पात्राला तोंडातल्या तोंडात बोलतं ठेवता येतं. त्याच्या जागी बसून त्याचं भांडण म्हणून पाहा, सकाळी त्यातलं चांगलं तेवढंच आठवेल.

सलग लिखाणाचा काळ म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की दुपारी बारा ते चार बाहेर कामच होत नाही. ती दुपार कथेचा पहिला खर्डा करायला धरा. पहिला खर्डा वाईट असला तरी शेवटपर्यंत न्या, मध्ये मागं वळून दुरुस्त्या करू नका.

बायांना ही दुपारही मोकळी मिळत नाही, पापड-कुरड्या-शेवया त्याच दिवसांत असतात. त्यांना माझं सांगणं आहे की वेळ मागून घ्या, चोरून लिहू नका. घरात 'मी अर्धा तास लिहिते' हे मोठ्यानं म्हटलेलं असावं. घरातल्या पुरुषांनी तेवढा अर्धा तास सांभाळावा, हे मी हा लेख वाचणाऱ्या भावांनाच उद्देशून लिहितो आहे.

अडलं तर

मध्येच अडतं तेव्हा बहुतेक वेळा पात्राबद्दलची एखादी साधी माहिती आपल्याकडे नसते. तो रोज किती वाजता उठतो? त्याच्यावर किती कर्ज आहे आणि कोणाचं? तो कोणाला घाबरतो? या प्रश्नांची उत्तरं वेगळ्या कागदावर लिहा, कथेत घालू नका. तरीही हलत नसेल तर पात्रं तीच ठेवून रूप बदला: कथेचं पत्र करा, संवाद करा, नाटकाचा एक प्रवेश करा.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागातल्यांना तर हाताशी मोठी शाळा आहे. दिवाळीनंतर वडसा भागातून झाडीपट्टीची नाटकं निघतात आणि गावोगावी रात्रभर चालतात. तिकीट काढून बसा, पण काही वेळ रंगमंचाकडे पाठ करून प्रेक्षक पाहा. लोक चहाला कधी उठतात, म्हाताऱ्या पदर कधी डोळ्याला लावतात, झोपलेलं पोर कोणत्या आवाजानं जागं होतं, ते टिपून ठेवा. लोकांची पकड कुठं सुटते आणि कुठं घट्ट होते, हे इतकं उघड दुसरीकडे दिसत नाही.

वाचन

तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं सभासद व्हा, गावच्या शाळेतली पुस्तकांची पेटी उघडायला लावा. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत आहे. आवडलेल्या लेखकाचा एक परिच्छेद हातानं उतरवून काढा आणि पाहा: माणूस पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय करत असतो, वाक्य कुठं तोडलं आहे, कोणती गोष्ट सांगायची टाळली आहे. पन्नास पुस्तकं चाळण्यापेक्षा पाच अशी वाचलेली बरी.

दाखवणं आणि पाठवणं

पहिला वाचक 'छान' म्हणणारा नको. आधी मोठ्यानं वाचून दाखवा, तेही न शिकलेल्या माणसाला. आजीनं मध्येच 'मंग पुढं?' विचारलं तर ती जागा बरोबर आहे. तिनं पदरानं पंखा घालायला सुरुवात केली तर तिथं कापा. जवळपासच्या गावांतले लिहिणारे तीन-चार जण मिळाले तर महिन्यातून एकदा बसा आणि एक नियम पाळा: 'आवडलं-नाही आवडलं' बोलायचं नाही, 'मला इथं दिसलं, इथं दिसायचं बंद झालं' एवढंच सांगायचं.

त्यानंतर बाहेर पाठवा. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे, त्याच्या शाखा आहेत आणि 'युगवाणी' हे त्याचं नियतकालिक आहे. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून उन्हाळ्यात लिहिलेली कथा जूनमध्ये तयार हवी. पाठवण्याआधी त्या अंकाचा मागचा अंक मिळवून वाचा, शब्दमर्यादा पाहा, युनिकोडमध्ये टंकलेली प्रत मेलनं पाठवा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा विचारा आणि मग दुसरीकडे पाठवा. छापायला पैसे मागणाऱ्या 'प्रातिनिधिक संग्रहां'पासून लांब राहा. तेवढ्या पैशात वर्षभराचं ग्रंथालय आणि चार चांगले दिवाळी अंक येतात. उत्तराची वाट पाहण्याच्या त्या तीन महिन्यांत निंदणीची कामं असतील, वही चालू असेल, आणि पोळ्याची झडतीही रचायची आहेच.